खिंड न ओलांडता सुखरूप परतल्याबद्दल

मी रागावलेला आहे आणि हा राग ओसरण्याची वाट न पाहता लिहितो आहे. ओसरल्यावर मी समजूतदारपणे लिहीन, आणि समजूतदारपणाने माझे आजवर पुरेसे नुकसान केले आहे.

माझी मागणी मोठी नव्हती. ऑगस्ट महिन्यात नऊ दिवस मला काश्मीरमधल्या एका खोऱ्यातून पायी चालायचे होते. सोनमर्गहून निघायचे, विशनसर, किशनसर, गाडसर, गंगाबल अशी तळी पाहत जायचे, मध्ये पावणेचौदा हजार फुटांवरची गाडसरची खिंड ओलांडायची, आणि परत येऊन अंबाजोगाईत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला भूगोल शिकवायचा. ज्या संस्थेबरोबर जायचे होते ती अठ्ठावन्न पूर्ण झालेल्यांना घेत नाही. मला येत्या ऑक्टोबरात अठ्ठावन्न पूर्ण होतात. म्हणजे हा ऑगस्ट, नाहीतर कधीच नाही.

आता, एकतीस वर्षे खिंडी फळ्यावर काढून ज्याचे समाधान होत होते, त्याला अचानक पायाखाली खिंड कशाला हवी झाली, हे सांगितले पाहिजे. गेल्या हिवाळ्यात मी हिमनदीने कोरलेली तळी शिकवत होतो. पहिल्या बाकावर संस्कृती नावाची विद्यार्थिनी बसते. शिरूर कासारजवळच्या एका वस्तीवरची. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि ही वसतिगृहात राहून माझा शब्दन्‌शब्द वहीत उतरवते. तिने विचारले, "सर, त्या पाण्याचा रंग कसा आसतो?"

"निळसर हिरवा," मी म्हणालो.

"तुमी पायलंय, सर?"

साठ मुले माझ्याकडे पाहत होती. मी "हो" म्हणालो.

का म्हणालो, ते मला आजही सांगता येणार नाही. तिने मान डोलावली आणि ते वहीत लिहून घेतले. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्यावर इतका विश्वास कोणी टाकला नव्हता, आणि तो मी नेमका त्याच वेळी वाया घालवला.

हे मी फक्त कलीमला सांगितले. कलीम माझा शाळेपासूनचा मित्र. परळी रस्त्यावर त्याचे मोटारींचे गॅरेज आहे. त्याने आधी विचारले होते, "दाढ सुजली तरी रजा घेत न्हाईस, अन् आता हिमालय? कावून बे?" खरे कारण ऐकल्यावर त्याने चिंधीला हात पुसले आणि म्हणाला, "म्हंजे पोरीशी खोटं बोललास. मंग जावंच लागतंय. मी बी येतो. तू एकटा गेलास, तर तिथून येऊन बी खोटंच सांगशील."

अशी ही मोहीम ठरली आणि तिथून माझ्या अप्रतिष्ठेला सुरुवात झाली.

संस्थेने लिहिले होते की पाठीवर दहा किलो वजन घेऊन रोज चढउताराचा सराव करावा. पाठपिशवीत भरायला घरात दहा किलोची एकच गोष्ट होती, ती ज्वारी. आम्ही दोघे रोज पहाटे ज्वारी पाठीवर घेऊन बुट्टेनाथच्या दरीत उतरू आणि तीच ज्वारी घेऊन वर येऊ. वाटेत दर चार पावलांवर एक हितचिंतक उभा असे. "सर, गिरणी तिकडं ऱ्हायली." मी हसून पुढे जाई. परतताना तोच मनुष्य म्हणे, "सर, दळण न्हाई झालं? लाईट गेलती काय?" दीड महिन्यात मला गिरणीचा रस्ता ज्या संख्येने लोकांनी दाखवला, त्या संख्येने हिमालयाचा दाखवला असता तर मी तिबेटात पोचलो असतो. दहाव्या दिवशी सौभाग्यवतींनी पिशवीतली ज्वारी परस्पर काढून दळून आणली आणि तिच्या जागी माझ्या संदर्भग्रंथांचा गठ्ठा भरला. "कशाला तरी उपयोगी पडू देत," एवढेच त्या म्हणाल्या.

संस्थेचे पत्र आल्याचे कॉलनीत कळल्यावर सल्ले आले. शेजारचे अर्जुनराव आले. अर्जुनरावांची गावाकडे बरीच जमीन आहे. नातवंडांच्या शिक्षणासाठी ते अंबाजोगाईत राहतात आणि वेळ जात नाही म्हणून आमच्या कॉलनीच्या नागरी सत्कार समितीचे अध्यक्ष आहेत. माझ्या बुटांकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"सर, हवा पातळ आसती म्हणत्यात तिथं."

"विरळ," मी म्हणालो.

"तेच. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधा. अन् येक सांगू? डोंगरच बघायचा तर हितं काय कमी हायेत? तळं पायजे तर मांजरा धरण हाय. गाडी काढतो, दोन घंट्यात बगून येऊ, येताना हुरडा बी—"

"ऑगस्टमध्ये हुरडा नसतो, अर्जुनराव."

"मंग जानेवारीत जाऊ," ते म्हणाले. माणसाशी वाद घालता येतो; आपुलकीशी वाद घालण्याचे शास्त्र अजून निघालेले नाही.

दरम्यान मी महाविद्यालयात रजेचा अर्ज दिला होता. आमचे कार्यालयीन अधीक्षक शहादेव हे अतिशय सरळ गृहस्थ आहेत. त्यांनी आयुष्यात एकही नियम मोडलेला नाही आणि इतर कोणाला, चुकूनसुद्धा, पाळू दिलेला नाही. अर्ज तीन दिवसांनी परत आला. 'रजेच्या काळातील पत्ता' या रकान्यात मी 'विशनसर तळ्याच्या काठी, तंबूत' असे लिहिले होते. त्यावर तांबड्या शाईने शेरा होता : घर क्रमांक व पिनकोड नमूद करावा.

मी समक्ष गेलो. "तळ्याला घर क्रमांक नसतो, शहादेवराव."

"मंग पोस्टमन कसा जातो?"

"जात नाही."

"तातडीचं पत्र काढायचं झालं, तर आमी कुठं पाठवायचं? वरून विचारणा झाली, तर मी काय सांगू, सर पाण्याच्या कडंला हायेत?"

मी सोनमर्गच्या पोस्टाचा पिनकोड शोधून लिहिला. मग 'रजेचे कारण' अडले. मी 'पर्वतभ्रमण' लिहिले होते. हे कारण यादीत नव्हते. यादीत स्वतःचे आजारपण, नातेवाइकाचे आजारपण, विवाह आणि मृत्यू एवढीच कारणे होती. शहादेवांनी मला आपुलकीने विचारले, "घरात कोणी शिरीयस हाय का?" नाही म्हणताना मला आपण कार्यालयाची गैरसोय करत आहोत असे वाटले. अखेर अर्ज 'विचाराधीन' झाला. सरकारी कागद विचाराधीन झाला की तो विचार करत नाही. तो फक्त अधीन होतो.

अशा अवस्थेत ऑगस्ट उजाडला. अठरा तारखेला सोनमर्गला हजर व्हायचे होते. परळीहून गाडीचे आरक्षण चौदाचे होते. आणि पाच तारखेला सकाळी मी महाविद्यालयाकडे निघालो, तर कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या खांबांवर मी होतो.

बारा फूट बाय आठ फूट. बर्फात उभा. अंगावर कोणा परदेशी गिर्यारोहकाचा नारिंगी पोशाख, हातात कुदळ, आणि धडावर माझे डोके : ओळखपत्रासाठी काढलेला, डोळे वटारलेला फोटो. शेजारी कलीम, तोही दुसऱ्याच्या शरीरात. वर अर्जुनरावांचा चेहरा, डोंगराहून थोडा मोठा. खाली सत्कार समितीचे बत्तीस सदस्य हात जोडून. आणि मजकूर : 'हिमालयातील पावणेचौदा हजार फूट उंच खिंड पार करून सुखरूप परतल्याबद्दल आमच्या सरांचे हार्दिक अभिनंदन!'

मी थेट अर्जुनरावांच्या ओसरीवर गेलो. ते चहा बशीत ओतत होते.

"अर्जुनराव, मी अजून गेलोच नाही."

"मला म्हाईत हाय की. मी काय आंधळा हाय? पण ऐका. वीस तारखेला सायबांचा वाढदिवस. फ्लेक्सवाला उद्यापासून महिनाभर बुक. म्हणला, आज देतो, न्हाईतर दसऱ्याला. म्हणून आधीच करून घेतला."

"करून ठेवायचा होता. लावला कशाला?"

"खांब बी बुक हायेत ना, सर," अर्जुनराव म्हणाले. एका प्राध्यापकाला इतकेही समजू नये याचे दुःख त्यांच्या आवाजात होते. "सहा तारखेपासून समदे खांब वाढदिवसाला गेलेत. येकच दिवस मोकळा होता. तुमी आल्यावर सत्कार करायचा म्हणलं तर तुमाला टांगू कुठं?"

आमच्या भागात मनुष्य पोलीस भरतीत निवडला गेला, उमरा करून मक्केहून आला, नवा जेसीबी घेतला, तरी त्याचा फलक लागतो, आणि फलक लागला म्हणजे गोष्ट घडली. हा क्रम आहे. त्यात घटना पुढे-मागे झाली तर बिघडत नाही. मी तो उतरवायला सांगितला. अर्जुनरावांनी "संध्याकाळी उतरवू" म्हटले. संध्याकाळपर्यंत अख्खी अंबाजोगाई त्याखालून गेली. तिच्यात शहादेवही गेले.

सात तारखेला मला ज्ञापन मिळाले. 'आपण सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी न घेता मुख्यालय सोडून हिमालयात गेल्याचे निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत खुलासा सादर करावा.'

"शहादेवराव, मी इथेच होतो! रोज तुमच्यासमोर हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावत होतो!"

शहादेव गंभीर झाले. "तेच तर अडचणीचं हाय, सर. तुमी तिकडं होतात, तर मंग हितं अंगठा कोण लावत होतं?"

या प्रश्नाने माझी बाजू माझ्याच विरुद्ध गेली. कालपर्यंत मी केवळ विनापरवाना गिर्यारोहक होतो. आता बनावट अंगठ्याचा सूत्रधार झालो. एकसदस्यीय चौकशी समिती नेमण्यात आली. सदस्य म्हणून क्रीडा विभागाचे विजयसिंह नेमले गेले, कारण विषय चालण्याचा होता.

विजयसिंह सज्जन आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "सर, तुम्ही गेला नाहीत याचा काही पुरावा?"

न जाण्याचा पुरावा कसा देतात? गेलेल्याजवळ तिकीट असते, फोटो असतो, फोड आलेली टाच असते. न गेलेल्याजवळ काय असते? मी संतापाने हे विचारले. विजयसिंहांनी ते लिहून घेतले. मग म्हणाले, "ज्यांनी फलक लावला त्यांनी लेखी द्यावं की मजकूर चुकीचा होता. प्रश्न मिटला."

मी सुटल्यासारखा अर्जुनरावांकडे गेलो. मी लिहून नेलेला कागद त्यांनी वाचला, चष्मा काढला, आणि परत दिला.

"ह्यावर माझी सही न्हाई व्हायची, सर."

"का?"

"समितीनं खोटा फ्लेक्स लावला आसं मी लिहून देऊ? अकरा वर्सं झाली. दोनशे-तीनशे सत्कार केले. उद्या लोक म्हणतील, फळवाल्या दिलावरच्या पोराची भरती बी खोटी, डॉक्टरीनबाईंचं सुवर्णपदक बी खोटं. बत्तीस माणसांचे फोटो हायेत त्याच्यावर. त्यांची इज्जत हाय का न्हाई?"

"आणि माझी?"

"तुमची तर वाढवलीच की आमी," अर्जुनराव म्हणाले. ते खरोखर दुखावले होते. मीही खरोखर दुखावलो होतो. आम्ही दोघे ओसरीवर बसून एकमेकांचा अपमान केल्याबद्दल एकमेकांवर चिडत राहिलो आणि त्यांच्या सूनबाईंनी दुसरा चहा आणला तो, राग दाखवण्यासाठी, मी अर्धाच प्यायलो.

कलीम तेवढा खूश होता. "मी बी फ्लेक्सवर हाय. मला कोणी नोटीस द्यायला तयार न्हाई. म्हंजे तू खरा गेलतास, मी नुस्ता फोटोपुरता." त्याने दोघांच्या बुटांच्या तळव्यांना जुन्या टायरची नक्षी चिकटवून दिली होती. "चौदाला गाडी हाय. तू चौकशी संपव, नाहीतर मी एकटा जाईन अन् तुला रंग सांगीन."

अकरा तारखेला दुसरी सुनावणी झाली. खोलीत शिरलो तर विजयसिंहांसमोर एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, कडा जपलेली. मला ती ओळखायला क्षणही लागला नाही.

घडले होते असे. शहादेवांनी वर्गात जाऊन चौकशी केली होती की सर हिमालयात गेले आहेत का. सरांवर काहीतरी बालंट आले आहे एवढे संस्कृतीला समजले, आणि सरांना मदत म्हणून ती धावत वसतिगृहात जाऊन वही घेऊन आली.

विजयसिंहांनी पान उघडून माझ्यापुढे ठेवले. त्यांना अवघडल्यासारखे झाले होते. स्वच्छ, गोल अक्षरात लिहिले होते : 'हिमनदीने कोरलेल्या तळ्याच्या पाण्याचा रंग निळसर हिरवा. (सरांनी स्वतः पाहिला आहे.)'

"सर, यावरून असं दिसतं की तुम्ही तिकडं जाऊन आलात. तारीख गेल्या डिसेंबरची आहे. म्हणजे फलक खोटा असला तरी..."

सुटकेचा मार्ग होता. तरुणपणी कधी सुट्टीत गेलो होतो, असे सांगता आले असते. ते कोणी तपासले नसते. फलकाचा आणि त्या प्रवासाचा घोळ झाला म्हणून फाईलही बंद झाली असती. मी फलकावरून गेले सहा दिवस ज्या मोठ्या आवाजात सत्याची बाजू घेत होतो, तो आवाज मला त्या क्षणी ऐकू येत होता आणि त्याची मनस्वी चीड येत होती. अर्जुनरावांनी निदान घडणारी गोष्ट आधी सांगितली होती.

"मी कधीही गेलेलो नाही," मी म्हणालो. "मी वर्गात खोटं बोललो."

"हे लिहून द्यावं लागेल."

"देतो. पण आधी वर्गात सांगतो."

ती पन्नास मिनिटे मी इथे वर्णन करणार नाही. एवढेच सांगतो की पहिले वाक्य बोललो तेव्हा साठांपैकी एकोणसाठ मुले हसली. संस्कृती हसली नाही. ती वहीकडे पाहत राहिली, आणि तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन, मान वर न करता म्हणाली, "मंग मी त्ये खोडू का, सर?"

"वीसेक दिवस थांब," मी म्हणालो.

तेरा तारखेला रजा मंजूर झाली. सोबत अट होती : 'परतल्यावर प्रत्यक्ष गेल्याचा पुरावा सादर करावा.' न गेल्याचा पुरावा म्हणून माझा कबुलीजबाब फाईलला लागला होताच. आता गेल्याचा हवा होता. चौदाला सकाळी अर्जुनराव त्यांची गाडी घेऊन दारात. परळी स्टेशनपर्यंत त्यांनी एक शब्द काढला नाही. औष्णिक वीज केंद्राच्या राखेने पांढऱ्या झालेल्या झाडांखाली आमची पिशवी उतरवताना मात्र माझ्या हातात कापराची पुरचुंडी कोंबून म्हणाले, "आता वर जाऊनच या, सर. न्हाईतर आमचा फ्लेक्स खोटा पडंल."

पुढचे थोडक्यात. विशनसर धुक्यात होते. किशनसर धुक्यात होते. मी दोन दिवस पाण्याचा आवाज ऐकत, पाण्याच्या काठी, पाणी न पाहता बसलो. चौथ्या दिवशी खिंड चढलो. माझा नामवंत बूट निम्म्यात फाटला. कलीमने चिकटवलेला टायर शेवटपर्यंत शाबूत राहिला आणि त्याच्या आधाराने बूट वर पोचला. खिंडीत मला श्वास पुरेना. मी कापूर हुंगला. हे अर्जुनरावांना मी मरेपर्यंत सांगणार नाही. चहूकडे भिंतीसारखे पांढरे धुके. मी वाऱ्यावर, हवामान खात्यावर, शहादेवांवर आणि स्वतःवर इतका चिडलो होतो की कलीमने दोनदा खांदा हलवला तरी मला कळले नाही.

"मास्तर, बघ बे! खाली बघ!"

धुके दोन मिनिटे फाटले होते. खाली गाडसर होते. मी पाहिले. कलीमने मोबाइल काढेपर्यंत ते पुन्हा मिटले. तळे नंतर वाटेतच लागले, तेव्हाही पाच हातांपलीकडचे दिसत नव्हते; पुढे गंगाबलही धुक्यातच राहिले.

परत आल्यावर सत्काराला कोणी नव्हते. सत्कार झालेला होता. दिलावरच्या फळांच्या गाड्यावर उन्हापासून केळी झाकायला एक जाड फलक टाकलेला होता. त्यातून माझे वटारलेले डोळे डझनाच्या भावाकडे पाहत होते.

मी कार्यालयात फोटो दिले. शहादेवांनी चौदाही फोटो उजेडात धरून पाहिले. प्रत्येकात पांढऱ्या पार्श्वभूमीवर रेनकोट घातलेले दोन ठिपके होते.

"सर, ह्याच्यात तुमी हायेत हे कशावरून?"

मला बोलण्याचा कंटाळा आला होता. मग शहादेवांनी कपाटातून माझी फाईल काढली, पाने उलटली, आणि ज्ञापनाला जोडलेला त्या फलकाचा रंगीत फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. चेहरा स्वच्छ दिसत होता. बर्फ होता. उंची लिहिलेली होती. खाली बत्तीस साक्षीदार होते.

"हे लावू," ते समाधानाने म्हणाले. "ह्याच्यात सगळं स्पष्ट हाय."

त्यांनी शिक्का मारला. कार्यालयाच्या दप्तरी मी गाडसरची खिंड ओलांडली ती पाच ऑगस्टला, माझ्या कॉलनीच्या तोंडाशी, दुसऱ्याच्या अंगाने. मी भांडलो नाही, पण मी रागावलेला आहे हे नोंदवून ठेवतो.

दुपारी वर्ग होता. हजेरी झाल्यावर संस्कृती उभी राहिली. या वेळी कोणी हसले नाही.

"सर, कसा होता रंग?"

"तीन तळी मला दिसली नाहीत," मी म्हणालो. "धुकं होतं. चौथं दोन मिनिटं दिसलं. ते निळसर हिरवं नव्हतं. काळं होतं. नांगरलेल्या आपल्या रानात पाणी साचल्यावर दिसतं, तसं. ऊन असतं तर वेगळं दिसलं असतं का, ते मला माहीत नाही."

तिने वही उघडली. 'निळसर हिरवा' यावर पट्टी धरून एक सरळ रेघ ओढली आणि वर 'काळा' असे लिहिले. मग कंसातल्या ओळीपाशी तिचे पेन थांबले. तिने माझ्याकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, जणू फोटो उजेडात धरून पाहावा तसे.

आणि ती ओळ तिने तशीच राहू दिली.